अनुभवी खेळाडूला संघानं सोडावं का? वर्गातला एक वाद आणि माझी एक चूक



नोव्हेंबर २०२५ मधली गोष्ट. सोमवारचा परिपाठ संपला, पोरं वर्गात आली, पण सातवीचा वर्ग काही केल्या शांत बसेना. मागच्या दोन बाकांवर तर जवळजवळ भांडणच. काय झालं म्हणून विचारलं, तर एक जण उठून म्हणाला, "सर, जडेजाला चेन्नईनं दिलं की राजस्थानला! असं कसं देत्यात?" दुसरा लगेच, "द्यायचंच की. वय झालंय त्याचं. संजू सॅमसन आला बदल्यात." तिसरा, "पण २०२३ ची फायनल कुणी जिंकून दिली? शेवटच्या दोन बॉलला सिक्स आन् फोर कुणी मारला?"

मी गणिताचं पुस्तक उघडलं होतं, ते मिटून ठेवलं. कारण पोरांचा प्रश्न खरा होता. बारा-तेरा वर्षं एका संघाला धरून राहिलेला खेळाडू, अजून खेळतोय, पण संघाला उद्याचा विचार करायचाय. अशा वेळी त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकावं का? हा प्रश्न क्रिकेटपुरता नाही. घरात, शेतात, ऑफिसात, आपल्या शाळेतसुद्धा तो रोज पडतो. आपण तो असा उघड विचारत नाही, एवढंच.

त्या दिवशी वर्गात जो वाद झाला, त्यातून मला जे सुचलं ते तुमच्यापुढं मांडतोय. आणि माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे. ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलायचा मला अधिकार नाही, असं वाटतं.

आधी अदलाबदल म्हणजे काय ते समजून घेऊ

पुष्कळ पालकांना लिलाव माहीत असतो, अदलाबदल माहीत नसते. आयपीएलमध्ये दोन हंगामांच्या मधल्या काळात संघांना आपापसात खेळाडू देता-घेता येतात. एक खेळाडू देऊन दुसरा घ्यायचा, किंवा नुसते पैसे घेऊन खेळाडू द्यायचा. त्यासाठी खेळाडूची संमती लागते. म्हणजे बाजारातल्या भाजीसारखं उचलून दिलं असं होत नाही. पण आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे, 'आम्हाला तू नको आहेस' असं एकदा कळल्यावर 'नाही, मी इथंच राहतो' म्हणणारे किती असतील?

अमेरिकेत बास्केटबॉलच्या संघांत तर हे सर्रास चालतं. दहा वर्षं पहिल्या पाचात खेळलेला माणूस एका फोनवर दुसऱ्या शहरात जातो. आपल्याकडं हे आयपीएलमुळं आलं, म्हणून पोरांना ते नवीन आणि टोचणारं वाटतं.

आपल्या मातीतलं उदाहरण : अजिंक्य रहाणे

जडेजाचा निर्णय अगदी ताजा होता. त्याचं फळ काय निघेल ते तेव्हा कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून मी पोरांना जुनं, निकाल लागून गेलेलं उदाहरण दिलं. संगमनेर तालुक्यातल्या अश्वी गावात जन्मलेला आणि डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे. त्यालाही एका संघानं असंच दिलं होतं. तो संघही राजस्थानच.

घटना क्रमानं फळ्यावर लिहिल्या. तुम्हीही क्रमानं वाचा, कारण गंमत क्रमात आहे.

रहाणे राजस्थान रॉयल्सकडं २०११ मध्ये आला. २०१२ च्या हंगामात त्यानं ५६० धावा केल्या, २०१५ मध्ये ५४०. डावाची सुरुवात करायची आणि एक बाजू लावून धरायची, हे त्याचं काम. मध्ये दोन वर्षं राजस्थानवर बंदी होती. २०१८ मध्ये संघ परत आला, स्टीव्ह स्मिथवर चेंडू कुरतडण्याच्या प्रकरणात बंदी आली आणि कर्णधारपद रहाणेकडं आलं. त्या वर्षी राजस्थान पहिल्या चारात पोचला. पण रहाणेचा धावांचा वेग कमी पडत होता. शंभर चेंडूंमागे १२० च्या आतच. टी-ट्वेन्टी बदलली होती, आणि त्याचा खेळ थोडा मागं राहिला होता. हे खरंच होतं, नाकारण्यात अर्थ नाही.

२०१९ मध्ये पहिल्या आठ सामन्यांत संघ दोनच जिंकला. मग हंगाम चालू असतानाच, २० एप्रिलला, त्याचं कर्णधारपद काढून स्मिथकडं दिलं. आणि दोनच दिवसांनी, २२ एप्रिलला जयपूरला, याच रहाणेनं दिल्लीविरुद्ध ६३ चेंडूंत नाबाद १०५ केल्या. सामना मात्र राजस्थान हरला.

नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याला दिल्ली कॅपिटल्सला दिलं. बदल्यात राजस्थानला मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया मिळाले. तेव्हा रहाणे ३१ वर्षांचा होता.

इथं मी थांबलो आणि पोरांना विचारलं, "बरोबर की चूक?" वर्गाचे सरळ दोन भाग पडले.

'बरोबर' म्हणणाऱ्यांची बाजू

या बाजूची पोरं कमी नव्हती, आणि त्यांचे मुद्देही कच्चे नव्हते. तेवढे प्रामाणिकपणे मांडतो.

पहिला मुद्दा तेवतियाचा. २७ सप्टेंबर २०२०, शारजा. पंजाबनं २२४ धावांचं आव्हान दिलं होतं. तेवतियाला आधी चेंडू लागतच नव्हता, २३ चेंडूंत १७ धावा. मग शेल्डन कॉट्रेलच्या एका षटकात पाच षटकार, आणि सामना फिरला. त्या हंगामात त्यानं २५५ धावा केल्या, १० बळी घेतले. म्हणजे ज्याला फार कुणी ओळखत नव्हतं असा खेळाडू संघाला मिळाला.

दुसरा मुद्दा, रहाणेला दिल्लीत जागाच मिळेना. २०२० मध्ये नऊ सामने आणि ११३ धावा, त्यात बंगळुरूविरुद्धची ६० धावांची एक महत्त्वाची खेळी. २०२१ मध्ये तर दोनच सामने. "बगा सर, राजस्थानचं बरोबरच हुतं," असं एक पोरगा म्हणाला.

तिसरा मुद्दा एका मुलीनं मांडला आणि मला तो सगळ्यात जड वाटला. ती म्हणाली, "सर, जुन्याला ठेवलं तर नव्यानं कुठं खेळायचं?" खरं आहे. संघात अकरा जागा. जुन्या खेळाडूवरच्या प्रेमापोटी आपण एक जागा अडवून ठेवली, तर कुठल्यातरी नव्या मुलाचं एक वर्ष आपण खातो. ते वर्ष कुणाला दिसत नाही, कारण तो मुलगा कुणाला माहीतच नसतो.

'चूक' म्हणणाऱ्यांची बाजू

मग मी फळ्यावर पुढच्या घटना लिहिल्या.

नोव्हेंबर २०२० मध्ये आयपीएल संपली. १९ डिसेंबरला ॲडलेडमध्ये भारताचा कसोटी संघ ३६ धावांत गारद झाला. विराट कोहली बाळाच्या जन्मासाठी घरी परतला. आणि कर्णधार कोण? आयपीएलमध्ये ज्याला बाहेर बसावं लागत होतं, तोच रहाणे. मेलबर्नला त्यानं ११२ धावा केल्या, भारत आठ गडी राखून जिंकला. १९ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनला नवख्या पोरांच्या जिवावर आपण मालिकाच २-१ नं जिंकली. त्या संघातले कितीतरी गोलंदाज पहिल्यांदाच कसोटी खेळत होते. त्यांना धीर देणारा माणूस शांत डोक्याचा होता.

पुढं डिसेंबर २०२२ चा लिलाव. चेन्नईनं रहाणेला ५० लाखांच्या मूळ किमतीत घेतलं. ८ एप्रिल २०२३ ला वानखेडेवर, मुंबईविरुद्ध, त्यानं २७ चेंडूंत ६१ धावा केल्या. कोलकात्याविरुद्ध २९ चेंडूंत नाबाद ७१. हंगामात ३२६ धावा आणि वेग शंभर चेंडूंमागे १७२. हा तोच माणूस, ज्याला 'हळू खेळतो' म्हणून बाजूला केलं होतं. चेन्नई विजेती झाली, रहाणे कसोटी संघात परत आला आणि जून २०२३ मध्ये ओव्हलवरच्या अंतिम सामन्यात त्यानं ८९ आणि ४६ धावा केल्या. मार्च २०२४ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली मुंबईनं विदर्भाला हरवून ४२ वा रणजी करंडक जिंकला.

आता दुसरी बाजू जोरात आली. "सर, बगा! राजस्थाननं हिरा घालवला." आणि राजस्थान २०२० मध्ये तेवतिया असूनही शेवटच्या क्रमांकावर होता, हे कळल्यावर तर टाळ्याच पडल्या.

पण शिक्षक मित्रांनो, इथंच आपल्याला सावध राहायला हवं. पोरं निकाल बघून निर्णय जोखत होती. तेवतियाचे षटकार दाखवले की निर्णय बरोबर, रहाणेचे दाखवले की निर्णय चूक! असं कसं चालेल? राजस्थाननं २०१९ मध्ये निर्णय घेतला तेव्हा यातलं काहीच घडलं नव्हतं. आणि चेन्नईत त्याला वेगळं काम मिळालं, मनासारखं खेळायला मोकळीक मिळाली. तेच राजस्थानात राहून घडलं असतं असं कोण सांगणार?

पोरांना समजावं म्हणून मी मुंबईचं उदाहरण दिलं. २०१३ मध्ये रिकी पॉन्टिंग मुंबईचा कर्णधार होता. धावा होईनात, तेव्हा भर हंगामात तो स्वतः बाजूला झाला आणि रोहित शर्मा कर्णधार झाला. मुंबईनं त्या वर्षी पहिल्यांदा आयपीएल जिंकली, आणि रोहितनं पुढं एकूण पाच जिंकून दिल्या. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच रोहितच्या जागी, गुजरातकडून अदलाबदलीत आणलेल्या हार्दिक पांड्याला कर्णधार केलं. २०२४ मध्ये वानखेडेवर आपल्याच लोकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो केली, आणि मुंबई १४ पैकी ४ सामने जिंकून शेवटची आली. म्हणजे रोहितला बदलणं चूक? तसंही म्हणता येत नाही. २०२२ मध्ये रोहित कर्णधार असतानाही मुंबई शेवटचीच होती. आणि २०२५ मध्ये हार्दिकच्याच नेतृत्वाखाली ती अंतिम सामन्याच्या एक पायरी अलीकडं पोचली.

निकाल दोन्हीकडून साक्ष देतो. मग निर्णय जोखायचा कशावर?

बैलाची गोष्ट

त्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याचे आजोबा शाळेत आले होते. रहिमतपूरच्या बाजारातून परत जाताना नातवाला डबा द्यायला थांबले. पोरांनी त्यांनाही वादात ओढलं. ते हसले, म्हणाले, "गुरुजी, म्हातारा बैल कुणी दावणीला बांधून ठेवतं व्हय? वैरण काय फुकट येती?"

वर्गातली अर्धी पोरं खूश. पण आजोबांचं बोलणं संपलं नव्हतं. "पर एक सांगतो. नवं खोंड कामाला धरायचं झालं, की त्याच्या जोडीला जुनाच बैल लागतो. दोन्ही नवी जुंपली तर औत बांधावर जातंय. जुना बैल ताकदीला कमी असंल, पर वळायचं कुठं ते त्याला कळतं. खोंड त्याच्या मानेकडं बघून शिकतं."

मी डी.एड. ला मानसशास्त्राच्या पेपरात बरंच काही पाठ केलं होतं. अनुकरणातून शिकणं वगैरे. पण हे इतकं नेमकं मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आजोबांनी दोन वाक्यांत प्रश्न दुरुस्त केला. 'जुना अजून तेवढंच ओढतो का?' एवढंच बघायचं नाही. 'आता त्याच्याकडून कुठलं काम घ्यायचं?' हेही बघायचं. ते काम आपल्याकडं असेल तर त्याला ठेवावं. नसेल तर सोडावं, आणि सोडताना नीट सोडावं.

माझी चूक

आता मुख्य गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा मुलींचा खो-खोचा संघ मी तयार करत होतो. प्राथमिक शाळेत वेगळे क्रीडाशिक्षक नसतात, हे तुम्हाला माहीत आहे. जो गणित शिकवतो तोच शिट्टी घेऊन मैदानात उतरतो. सातवीतली एक मुलगी चौथीपासून संघात होती. पळतीला कायम पहिल्या तुकडीत. खांबाजवळ असा काही झोका द्यायची की पाठलाग करणारी पोरगी पुढंच निघून जायची. लहान गटात आम्ही जे काही सामने जिंकलो, ते निम्मे तिच्या पायावर.

सातवीत तिची उंची एकदम वाढली. वळताना पाय अडखळायला लागला, लवकर बाद व्हायला लागली. त्याच वर्षी सहावीत एक नवीन मुलगी आली होती, लहानखुरी आणि विजेसारखी. सरावात रोज दिसत होतं की जागा या मुलीची आहे.

मी निर्णय घेतला. तो निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. चूक पुढं झाली.

एका दुपारी मी संघाची यादी फळ्यावर लिहिली. नऊ नावं वर, खाली रेघ, रेघेखाली 'राखीव', आणि त्यात पहिलं नाव तिचं. कर्णधार म्हणून दुसरीचं नाव. लिहिलं, खडू ठेवला आणि ऑनलाईन माहिती भरायची होती म्हणून कार्यालयात निघून गेलो. चार वर्षं शाळेसाठी पळालेल्या मुलीला मी एक शब्दही बोललो नाही. खरं सांगायचं तर बोलायला अवघड वाटत होतं, म्हणून फळ्याला पुढं केलं.

दुसऱ्या दिवसापासून ती मैदानात आली नाही. स्पर्धेच्या दिवशी शाळेतच आली नाही. आम्ही बीट पातळीवर जिंकलो. नव्या मुलीनं कमाल केली. ग्रुपवर फोटो, अभिनंदनाचे मेसेज, सगळं झालं. तालुक्याला पहिल्याच सामन्यात हरलो. ती असती तर जिंकलो असतो, असं मी म्हणणार नाही. समोरचा संघ चांगलाच होता.

त्यानंतर मी तिच्या घरी गेलो. आई म्हणाली, "आजारी न्हाई सर ती. मैदानावर जायचं नाव काढलं की गप्प बसती." मुलगी बाहेर आली. मी काहीतरी सांगायला लागलो, संघाचं हित, नव्यांना संधी, वगैरे. ती खाली बघून एवढंच म्हणाली, "फळ्यावर का लिवलं सर? मला सांगायचं की."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी "चुकलं माझं" म्हणालो. ते म्हणायलाही मला उशीर झाला होता. पुढं ती हायस्कूलला गेली. रस्त्यात भेटली की नमस्कार करते, अभ्यासाचं सांगते. पण खो-खो ती पुन्हा खेळली नाही.

आयपीएलमधला खेळाडू एका संघानं सोडला तर दुसरा संघ असतो, लिलाव असतो, पाठीशी पैसा असतो. रहाणेला दिल्लीनंतर कोलकाता मिळालं, चेन्नई मिळाली. माझ्या त्या मुलीला दुसरा संघ कुठून मिळणार होता? गावात शाळा एकच. शाळेच्या संघातून मूल बाहेर पडलं की ते खेळातूनच बाहेर पडतं. हा फरक मी त्या दिवशी विसरलो.

मग माझं मत काय?

मत विचाराल तर सरळ सांगतो. अनुभवी खेळाडूला संघानं बदलावं का? हो, वेळ आली की बदलावं. नुसत्या उपकाराच्या भावनेनं जागा अडवू नये, तो नव्यावर अन्याय आहे. पण बदलण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं द्यायला हवीत. मला ही तीन उत्तरं निकालापेक्षा मोठी वाटतात.

पहिला प्रश्न : त्याचं काम बदलून बघितलं का? राजस्थाननं रहाणेकडून डाव लावून धरायचं काम घेतलं, चेन्नईनं वेगळं काम दिलं. माझ्या मुलीलाही मी पळतीतून काढून पाटीवर बसवू शकलो असतो, वाढलेल्या उंचीचा उपयोग आक्रमणात झाला असता. मी ते करून बघितलंच नाही.

दुसरा प्रश्न : त्याला आधी, समोर बसवून सांगितलं का? निर्णय कडू असेल तरी चालतो. तो दुसऱ्याकडून, नाहीतर फळ्यावरून कळणं माणसाला सहन होत नाही. आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको. बदलीच्या यादीत मोबाईलवर आपलं नाव शोधताना छातीत काय होतं ते आपल्याला माहीत आहे. बदली नियमानंच होते, तक्रार नसते. तरी जुन्या शाळेच्या दारात पोरं उभी असतात तेव्हा कुणीतरी दोन शब्द बोलावेत असं वाटतंच ना? मग आपणच पोरांच्या बाबतीत असं का करावं?

तिसरा प्रश्न : जाताना त्याच्याकडचं शहाणपण मागं राहिलं का? म्हणजे तेच, खोंडाशेजारचा बैल. ऑगस्ट २०२५ मध्ये रहाणेनं मुंबईचं कर्णधारपद स्वतःहून सोडलं. नवा कर्णधार घडवायची वेळ आली आहे, खेळाडू म्हणून मात्र मी खेळत राहणार, असं त्यानं जाहीर केलं. कर्णधारपद शार्दुल ठाकूरकडं गेलं आणि रहाणे त्याच संघात फलंदाज म्हणून राहिला. मला हा प्रसंग मेलबर्नच्या शतकाइतकाच मोठा वाटतो. एकदा ज्याचं कर्णधारपद भर हंगामात काढून घेतलं होतं, त्यानं पुढच्या माणसाला ते वेळेवर आणि मानानं दिलं.

या तिन्हींची उत्तरं 'हो' असतील तर खेळाडूला खुशाल सोडा. संघ हरला तरी निर्णय वाईट ठरत नाही. आणि उत्तरं 'नाही' असतील, तर संघ जिंकला तरी काहीतरी मोडलेलं असतं. माझा संघ जिंकला होता, म्हणून सांगतोय.

कुणी म्हणेल, "सर, व्यावसायिक खेळात एवढं कोण बघत बसतंय? कोट्यवधींचा मामला असतो." मान्य. पण संघाला माणसं लागतात ती शेवटी विश्वासावर. आज एका जुन्याला कसं पाठवलं हे उरलेले दहा जण बघत असतात. माझ्या संघातल्या बाकीच्या आठ मुलींनीही ते बघितलं होतं. त्या वर्षी सरावात कुणी पडलं, लागलं, तरी सांगत नव्हतं. 'दुखतंय म्हटलं तर सर नाव काढतील' ही भीती. हे मला फार उशिरा कळलं.

वर्गात हा पाठ कसा घ्यावा

पाचवी ते सातवीला मराठीच्या तासाला वादविवाद म्हणून हा विषय छान बसतो. मी असा घेतो :

१. घटना तारखेप्रमाणं फळ्यावर लिहाव्यात, पण अर्ध्यावर थांबावं. नोव्हेंबर २०१९ ला थांबून मत विचारावं. मग पुढच्या घटना सांगाव्यात आणि कुणाचं मत बदललं, का बदललं, ते विचारावं.

२. दोन गट करावेत आणि मध्यावर बाजू बदलायला लावाव्यात. जो 'सोडा' म्हणत होता त्यानं आता 'ठेवा' म्हणायचं. पोरं सुरुवातीला कुरकुरतात, पण समोरच्याचं ऐकायला शिकतात ती इथंच.

३. प्रत्येक मुद्द्याआधी एक खरी घटना किंवा आकडा सांगायचा, हा नियम ठेवावा. नुसतं 'तो भारी आहे' चालणार नाही.

४. गणितही जोडता येतं. २७ चेंडूंत ६१ धावा, तर त्याच वेगानं १०० चेंडूंत किती? उत्तर साधारण २२६. आणि ६३ चेंडूंत १०५ असतील तर? पोरं न सांगता शेकडेवारी करतात.

५. शेवटी लेखन : 'मला संघातून वगळलं, तर सरांनी किंवा बाईंनी मला ते कसं सांगावं?' दहा ओळी. या दहा ओळी स्वतः शिक्षकानं नीट वाचाव्यात. माझ्या वर्गात एकानं लिहिलं होतं, "सुट्टीत बाजूला बोलवावं. सगळ्यांपुढं सांगू नये. आणि पाणी आणायला पाठवू नये." राखीव पोरांना आपण पाण्याच्या बाटल्या आणायला पाठवतो, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

पालकांना दोन शब्द

तुमच्या मुलाचं नाव संघात नसेल तर आधी सरांना फोन करून भांडू नका, आणि 'सोड तो खेळ, अभ्यास कर' असंही म्हणू नका. मुलाला विचारा, "तुला कुणी कारण सांगितलं का?" सांगितलं नसेल तर ते विचारायला मुलालाच पाठवा, हवं तर तुम्ही सोबत या. कारण ऐकून घ्यायला शिकणं हाही खेळाचाच भाग आहे. आणि कारण सांगणं हे आम्हा शिक्षकांचं काम आहे, त्यातून आम्हाला सुटका देऊ नका.

आता मी यादी फळ्यावर लिहिण्याच्या आदल्या दिवशी, ज्यांची नावं येणार नाहीत त्यांना एकेकाला बोलावून बसवतो. कारण सांगतो, आणि प्रत्येकाला एक काम देतो. शोभेचं नाही, खरं काम. कुणी नव्या मुलीला खांबाजवळचं वळण शिकवतं, कुणी समोरच्या संघाच्या तुकड्या बघून मला सांगतं. रडतात, रागावतातही. एक जण दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. पण तिसऱ्या दिवशी सरावाला आला.

तुमच्या शाळेत अशी वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत? बरं जमलं असेल तर तेही सांगा, आणि माझ्यासारखं चुकलं असेल तर ते आधी सांगा. त्यातून आम्हाला जास्त शिकायला मिळेल.